भिवंडीच्या गोदामांखालचं पाणी

मुंबई-नाशिक महामार्ग सोडून भिवंडीच्या बाजूला वळलं की माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावं लागतात. एके काळची ही भातशेतीची गावं. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायला ही जागा व्यापाऱ्यांना सोयीची पडली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. आज इथे दिवसरात्र ट्रक आणि कंटेनर येतात-जातात. त्यांच्यासाठी पेट्रोल पंप आहेत, गॅरेजं आहेत, ऑइल बदलून देणारी दुकानं आहेत. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या आवारात जनरेटर आहेत, त्यांच्यासाठी डिझेलचे पिंप आहेत. काही गोदामांत ज्वालाग्राही रसायनं आणि सॉल्व्हंट साठवली जातात.

अशा गोदामाला आग लागली की धुराचे लोट दूरवरून दिसतात, बंब धावतात, बातमी होते. तेच इंधन थेंबाथेंबाने जमिनीत मुरत राहिलं तर कुणाला काही दिसत नाही. टाकीच्या तळाला पडलेलं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत ओतलेलं जळकं ऑइल पहिल्या पावसात दिसेनासं होतं. ते गेलं कुठे, हे सांगू शकणारी एकच जागा आहे: जमिनीखालचं पाणी. आणि त्या पाण्यापर्यंत पोचायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यासाठीच खोदलेली निरीक्षण विहीर.

पाण्याची तपासणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. इंधनाच्या बाबतीत मात्र निम्म्याहून अधिक निकाल विहिरीच्या तोंडाशीच लागलेला असतो. विहीर कुठे खोदली, किती खोल नेली, पाणी कोणत्या महिन्यात काढलं, कसं काढलं आणि कशात भरलं, यात कुठेही चूक झाली तर सर्वांत महागडं यंत्रसुद्धा खोटा दिलासा देतं. ‘पाणी स्वच्छ आहे’ असा कागद हाती पडतो आणि विहिरीचं पाणी वापरणारं कुटुंब निश्चिंत होतं. म्हणून ही पद्धत शास्त्रज्ञांइतकीच ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही ठाऊक असायला हवी.

इंधन जमिनीत शिरतं तेव्हा

पंपाच्या फरशीखाली पोलादी टाक्या पुरलेल्या असतात. वीस हजार लिटरची टाकी ही नेहमीची गोष्ट. कालांतराने टाकी गंजते, पाईपचा जोड सैल होतो, टँकर रिकामा करताना थोडं सांडतं. पंपावर रोज टाकीत डिप घालून साठा मोजतात. पण उष्णतेने इंधन फुगतं, थंडीत आकसतं, काही उडून जातं आणि मोजणीतही थोडाफार फरक पडतो. दिवसाला पाच-सहा हजार लिटर विक्री असलेल्या पंपावर रोज एक लिटर जमिनीत जात असेल, तर तो या चढउतारात बेमालूम लपतो. वर्षाचे मात्र ३६५ लिटर होतात.

गळलेलं इंधन आधी माती आणि मुरुमातून खाली झिरपतं. काही भाग मातीच्या कणांना चिकटून तिथेच राहतो, काही वाफ होऊन मातीतल्या पोकळ्यांत पसरतो. उरलेलं भूजलाच्या पातळीपर्यंत पोचतं. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. त्यामुळे दुधावर साय धरावी तसा त्यांचा तवंग पाण्यावर पसरतो, आणि त्या तवंगातले विरघळणारे घटक खालच्या पाण्यात उतरू लागतात. पाणी हळूहळू सरकत असतं, त्याच्याबरोबर हे घटकही उताराच्या दिशेने निघतात. तवंग पंपाच्या आवाराबाहेर आलाच नसेल तरी विरघळलेलं इंधन शेजारच्या वाड्यातल्या विहिरीपर्यंत जाऊन पोचलेलं असू शकतं.

विरघळणाऱ्या घटकांत चार महत्त्वाचे: बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन. त्यांत बेंझिन सर्वांत घातक. माणसाला कर्करोग होतो हे ज्या पदार्थांबाबत सिद्ध झालं आहे, त्यांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला ठेवलं आहे. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा थेट संबंध आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

एक साधा हिशेब मांडून पाहू. बीएस-६ प्रतीच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. हे सगळं पाण्यात उतरलं असं धरलं, तर ८ लाख ८० हजार लिटर पाणी मर्यादेच्या काठावर जाऊन पोचतं. दहा हजार लिटरचे ८८ टँकर! प्रत्यक्षात बरंचसं बेंझिन उडून जातं, काही मातीतले जिवाणू फस्त करतात, त्यामुळे इतकं पाणी बिघडत नाही. पण एका लिटरची ताकद केवढी, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

इथे नाकावर विसंबून चालत नाही. शुद्ध बेंझिनचा वास पाण्याला येऊ लागतो तोवर त्याचं प्रमाण आरोग्याच्या मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं. पेट्रोलमिश्रित पाण्याला जो वास येतो तो प्रामुख्याने बेंझिनच्या सोबत्यांचा. ते सोबती वाटेत विरले, मातीला चिकटले आणि बेंझिन पुढे निघून आलं, तर पाणी निर्मळ दिसतं, वास येत नाही, चवही बदलत नाही.

डिझेलची तऱ्हा वेगळी. ते पाण्यात कमी विरघळतं, कमी उडतं आणि त्यामुळे मातीत जास्त काळ ठाण मांडून बसतं. भिवंडी हे ट्रकचं गाव, म्हणजे डिझेलचं गाव. इथे फक्त पेट्रोलचे घटक तपासून काम भागणार नाही, डिझेलमधल्या हायड्रोकार्बनांची साखळीही शोधावी लागेल. पेट्रोलमध्येही आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने नवा पेच आणला आहे. इथेनॉल जिवाणूंना अधिक आवडतं. ते खाता खाता जिवाणू मातीतला ऑक्सिजन संपवून टाकतात, आणि मग बेंझिनचा फडशा पाडायला लागणारी हवा उरत नाही.

काळा कातळ, मांजऱ्या आणि भेगा

पाश्चात्त्य पुस्तकांत भूजलाचं चित्र बहुधा वाळूचं असतं. वाळूत पाणी सगळीकडून सारखं वाहतं, त्यामुळे प्रदूषण कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो. भिवंडी उभी आहे ती दख्खनच्या बेसाल्टवर. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्ह्याने व्यापलेला आहे. विहीर खणणाऱ्यांना हा खडक पुस्तकाविना कळतो. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली कुदळ उडवून लावणारा काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे मऊ, छिद्रांचा मांजऱ्या तर कुठे गेरूसारखा लाल पट्टा. पाणी मिळतं ते मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत. अखंड पाषाणात ते जवळजवळ नसतंच.

या खडकातल्या भेगा किती खोल जातात याचा पुरावा भिवंडी तालुक्यातच आहे. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथली गरम पाण्याची कुंडं प्रसिद्ध आहेत. खोलवर तापलेलं पाणी कातळातल्या भेगांच्या वाटेने तिथे वर येतं. पाणी ज्या वाटेने वर येऊ शकतं, तशाच वाटेने इंधन खाली आणि आडवंही जाऊ शकतं. एका भेगेतून ते झपाट्याने दूर पोचेल आणि दहा पावलांवरच्या विहिरीत त्याचा मागमूसही नसेल. म्हणूनच बेसाल्टमध्ये एका विहिरीच्या स्वच्छ नमुन्यावरून सगळा परिसर स्वच्छ म्हणता येत नाही.

त्यातच भिवंडीला खाडीचा शेजार आहे. कामवारी नदी शहराला लागून वाहत खाडीला मिळते. काठाजवळच्या विहिरींची पातळी भरती-ओहोटीने हलते. एका विहिरीची पातळी भरतीला आणि दुसरीची ओहोटीला मोजली, तर पाण्याचा उतार उलटाच निघायचा. सगळ्या विहिरींची मोजणी एकाच वेळी उरकणं इथे सक्तीचं आहे.

असलेली विहीर का चालत नाही?

‘आमच्या आवारात बोअर आहे, त्यातलंच पाणी तपासा,’ असं कुणीही सहज म्हणेल. पण बोअर पाणी काढण्यासाठी असते, माग काढण्यासाठी नसते. तिच्या वरच्या काही मीटरना केसिंग पाईप असतो. इंधनाचा तवंग नेमका जिथे असण्याची शक्यता, तोच थर पाईपने बंद केलेला. खाली साठ-सत्तर मीटरपर्यंत जिथे जिथे भेग लागली, तिथलं पाणी एकमेकांत मिसळतं. वरच्या थरातलं दूषित पाणी खालच्या चांगल्या पाण्यात पातळ होऊन जातं आणि अहवालात आकडा लहान दिसतो. शिवाय अशी बोअर स्वतःच वरचं प्रदूषण खोल नेणारी वाट ठरू शकते. उघड्या मोठ्या विहिरीत अडचण वेगळी. तिथे पाणी हवेशी खेळत असतं, बेंझिन उडून जातं, वरून कचरा आणि पावसाचं पाणी पडतं.

निरीक्षण विहीर बारीक असते. साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाईप, त्याच्या खालच्या भागाला बारीक चिरा पाडलेल्या. पाईपभोवती चाळलेली स्वच्छ वाळू किंवा खडी भरतात. तिच्यावर बेंटोनाइट नावाच्या, पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा बूच बसवतात, वर सिमेंट, आणि तोंडाला कुलूपबंद झाकण. हा बूच नीट बसला नाही तर रस्त्यावरचं सांडलेलं डिझेल पाईपच्या कडेने थेट खाली उतरतं आणि विहीर आपणच दूषित होते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चिरांची जागा. इंधन तरंगतं, त्यामुळे चिरा पाण्याच्या पातळीच्या वरही हव्यात आणि खालीही. चिरांचा भाग पूर्ण बुडालेला असेल, तर तवंग पाईपच्या बाहेरच राहतो आणि आत स्वच्छ पाणी येतं. कोकणात हे साधणं अवघड, कारण उन्हाळ्यात खोल गेलेलं पाणी पावसाळ्यात कित्येक मीटर वर चढतं. बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागाच थोडी, म्हणून चढउतार मोठा. तेव्हा मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांतली पातळी सामावेल एवढी चिरांची लांबी ठेवावी लागते.

किमान तीन विहिरी हव्यात, त्याही एका रेषेत नकोत. तीन ठिकाणची पातळी कळली की पाण्याचा उतार कोणत्या दिशेला आहे ते काढता येतं. मग एक विहीर टाकीच्या वरच्या अंगाला घ्यायची, म्हणजे आपल्या आवारात येणारं पाणी मुळात कसं होतं ते कळतं. बाकीच्या खालच्या अंगाला, शक्य तर भेगांची दिशा पाहून.

महाराष्ट्राला निरीक्षण विहिरी नव्या नाहीत. १९७२च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. पाणी किती आहे आणि क्षार, नायट्रेट, फ्लोराइड किती आहे, हे या जाळ्यातून कळतं. इंधनाचा शोध हे त्या जाळ्याचं काम नाही. त्यासाठी विहीर संशयित जागेच्या अगदी कुशीत असावी लागते.

नमुना घेण्याचा दिवस

काम सुरू होतं ते मोजण्यापासून. झाकण उघडल्यावर विहिरीत दुसरं काहीही सोडण्याआधी एक सेन्सर लावलेली मोजपट्टी खाली सोडतात. तिचं टोक इंधनाला लागलं की सलग आवाज येतो, पाण्याला लागलं की तुटक. दोन आवाजांमधलं अंतर म्हणजे तवंगाची जाडी. तवंग जाड असेल तर त्याची नोंद करतात आणि इंधनाचाच नमुना घेतात. तवंगातून बाटली बुडवून काढलेल्या पाण्याला ‘विरघळलेल्या इंधनाचा नमुना’ म्हणता येत नाही.

विहिरींचा क्रमही ठरलेला. सर्वांत स्वच्छ असण्याची शक्यता असलेली आधी, सर्वांत दूषित शेवटी, म्हणजे एकीचं दुसरीत जाणार नाही. प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे. गाडी आणि जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला. नमुने घेणाऱ्याने त्या दिवशी सकाळी स्वतः गाडीत पेट्रोल भरलेलं नसावं, अत्तर लावलेलं नसावं. बाटलीवर नाव घालायला जाड मार्कर पेनही टाळतात, कारण अनेक मार्करच्या शाईत टोल्युइन किंवा झायलिन असतं. लिटरमागे मायक्रोग्रॅम शोधायचे तर ही सोवळ्याची शिस्त पाळावीच लागते.

त्यानंतर पाण्याचा उपसा. पाईपमध्ये बरेच दिवस उभं असलेलं पाणी हवेच्या संपर्कात येऊन बदललेलं असतं. आपल्याला हवं असतं ते खडकातलं ताजं पाणी. जुनी पद्धत सांगते की पाईपमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढून टाकावं. ५० मिलिमीटरच्या पाईपात मीटरमागे सुमारे दोन लिटर पाणी मावतं. सहा मीटर पाणी असेल तर बारा लिटर, म्हणजे छत्तीस लिटर उपसायचे. हे पाणी गटारात सोडायचं नाही, पिंपात जमा करायचं. ते दूषित असू शकतं.

नवी आणि अधिक भरवशाची पद्धत संथ उपशाची. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्याच वेगाने पंप चालवायचा, विहिरीची पातळी फारशी खाली जाऊ द्यायची नाही. बाहेर येणारं पाणी एका बंद भांड्यातून जातं, तिथे आम्लता, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा मोजत राहतात. दर तीन ते पाच मिनिटांनी नोंद. सलग तीन नोंदी जवळजवळ सारख्या आल्या, की खडकातलं पाणी येऊ लागलं असं समजायचं. घाईने जोरात पंप चालवला तर पाणी घुसळतं, विरघळलेलं बेंझिन हवेत निघून जातं आणि आकडा कमी दिसतो.

आता बाटली. ती ४० मिलिलिटरची काचेची छोटी कुपी असते, तिच्या झाकणाला आतून टेफ्लॉनचा पदर असतो. जिवाणूंचं काम थांबावं म्हणून तीत आधीच आम्लाचे थेंब घातलेले असतात. पाण्याची धार कुपीच्या कडेवरून, आवाज न करता सोडतात. कुपी काठोकाठ भरून पाण्याचा फुगवटा काठाच्या वर दिसेपर्यंत थांबतात. मग झाकण अलगद सरकवून घट्ट फिरवतात, कुपी उलटी करतात, बोटाने टिचकी मारतात आणि उजेडात धरून पाहतात. आत एक बुडबुडा दिसला तरी तो नमुना बाद. बेंझिन पाण्यातून त्या बुडबुड्यात शिरतं आणि झाकण उघडताच निघून जातं. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत, गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली भरलेल्या ‘नमुन्या’तून किती बेंझिन निसटत असेल, याची कल्पना यावरून करावी.

भरलेल्या कुप्या लगेच बर्फाच्या पेटीत, चार अंशांच्या आसपास. चौदा दिवसांच्या आत त्यांची तपासणी व्हायला हवी. त्याच पेटीत एक कुपी शुद्ध पाण्याची असते. ती प्रयोगशाळेतून भरून निघते, विहिरीवर जाते आणि न उघडता परत येते. तिच्यात बेंझिन सापडलं, तर ते प्रवासात शिरलं असं ठरतं आणि सगळ्या तुकडीवर प्रश्नचिन्ह लागतं. एखाद्या विहिरीचे दोन नमुने वेगवेगळ्या नावाने पाठवतात, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. आणि कुपी कुणाच्या हातून कुणाच्या हाती, किती वाजता गेली याचा सह्यांचा कागद शेवटपर्यंत सोबत राहतो.

अहवालावरचे आकडे

अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहिलेलं असलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: किती प्रमाणापर्यंत शोधलं होतं? ज्या यंत्राला ५० मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसतच नाही, त्याच्या ‘आढळलं नाही’ला १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपुढे काही अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: शोधलं काय? आपल्या नेहमीच्या पाणी तपासणीत आम्लता, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, जिवाणू असतात. त्यात बेंझिन मागितलेलंच नसतं. भारतीय पेयजल मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा पाळला गेला म्हणजे बेंझिनची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळली गेली, असं होत नाही. ‘तेल आणि ग्रीस’ या चाचणीची एक प्रचलित पद्धत तर द्रावक उडवून मागे उरलेलं वजन करते. त्या उडण्यात पेट्रोलचे हलके घटकही जातात. म्हणून बेंझिनसह चारही घटक, नॅप्थलीन आणि डिझेलची साखळी असं नावानिशी मागावं लागतं, आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजावं लागतं.

तिसरा प्रश्न महिन्याचा. पावसाळ्यात पाणी वर चढतं तेव्हा तवंग त्याच्याबरोबर वर जातो, उतरतं तेव्हा खाली येतो, आणि वाटेत प्रत्येक थराला इंधन माखत जातो. भर पावसाळ्यात यातलं बरंच इंधन पाण्याखाली खडकाच्या छिद्रांत अडकून पडतं. विहिरीत तवंग दिसत नाही आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मे महिन्यात पाणी उतरलं की तोच तवंग पुन्हा विहिरीत हजर होतो. एका मोसमाचा नमुना म्हणूनच अपुरा. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर, असे दोन तरी हवेत, आणि तेही ओळीने काही वर्षं.

दोन ठिकाणं, दोन धडे

२०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात घराघरांतल्या बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. बंदराकडून डेपोकडे जाणाऱ्या भूमिगत वाहिनीतून गळती झाली होती. दाट वस्तीचा भाग, रोजचं पाणी बोअरचं. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेलं, वाहिनीचं काम झालं, पण जमिनीत गेलेलं इंधन उपसण्याचं आणि पाणी तपासत राहण्याचं काम वर्षानुवर्षं चालू राहिलं. तिथे पहिली चाहूल रहिवाशांच्या नाकाला लागली, एखाद्या निरीक्षण विहिरीला लागली नाही. भिवंडीसारख्या दाट शहराने यातून घ्यावा असा धडा हाच.

दुसरं ठिकाण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं बेमिजी. २० ऑगस्ट १९७९ रोजी तिथे वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंच उचललं गेलं, काही लाख लिटर जमिनीतच राहिलं. १९८० च्या दशकापासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ती जागा अभ्यासासाठी राखली. तिथल्या निरीक्षण विहिरींनी जगाला दाखवून दिलं की मातीतले जिवाणू बेंझिन खातात आणि दूषित पट्ट्याचा पसारा त्यामुळे आवरला जातो. जिथे हे काम चालू असतं तिथे पाण्यातला ऑक्सिजन आणि नायट्रेट घटतं, विरघळलेलं लोह वाढतं, मिथेन तयार होतो. या खुणाही नमुन्यातून वाचता येतात. पण बेमिजीचं तेल दशकं उलटली तरी संपलेलं नाही. निसर्ग साफ करतो, त्याच्या चालीने करतो, आणि तोवर पाणी पिणाऱ्याला थांबता येत नाही. भिवंडीत तर या खुणा वाचताना जास्तच जपावं लागेल, कारण गटाराचं पाणी मुरलं तरी ऑक्सिजन असाच संपतो. वरच्या अंगाच्या विहिरीशी तुलना केल्याशिवाय दोष इंधनाचा की गटाराचा, हे कळणार नाही.

कायदा आहे, विहिरी हव्यात

१९७४च्या जलप्रदूषण कायद्याने ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत भूगर्भातलं पाणीही धरलं आहे. त्यात किंवा विहिरीत प्रदूषक जाऊ देण्याला कायद्याने मनाई आहे. याच कायद्यात सांडपाण्याचा नमुना न्यायालयात टिकण्यासाठीची रीत सांगितली आहे: जागेच्या ताबेदाराला कळवायचं, नमुन्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. नमुना घेण्यातली ढिलाई शास्त्राला जशी खपत नाही, तशी कायद्यालाही खपत नाही. १९९६ साली राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात, रासायनिक कारखान्यांनी विहिरींचं पाणी लाल केलं तेव्हा, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करायची हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे लागू केलं. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पेट्रोल पंपांसाठी शाळा, रुग्णालयं आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराचा निकष घातला, जागेची अडचण असल्यास जादा सुरक्षेसह किमान ३० मीटर. आणि जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचा शोध, तपासणी आणि सफाई यांसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र नियम अधिसूचित केले.

या सगळ्या तरतुदींना पुरावा लागतो, आणि पुरावा जमिनीखाली आहे. गळती झाल्यावर विहीर खोदली, तर ‘पाणी आधीपासूनच खराब होतं’ असं उत्तर मिळतं आणि वाद वर्षानुवर्षं रेंगाळतो. आज पाणी कसं आहे याची नोंद आजच करून ठेवली, तर उद्या असा वाद घालायला जागा उरणार नाही. पंपांच्या दाटीच्या जागा, ट्रक टर्मिनल, रसायनांच्या गोदामांचे पट्टे, कामवारीचा काठ, इथे मोजक्या निरीक्षण विहिरी खोदून पहिली नोंद घेणं हे भिवंडी महानगरपालिका, आसपासच्या ग्रामपंचायती आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या आवाक्यातलं काम आहे. बेसाल्टच्या भेगांत शिरलेलं इंधन बाहेर काढण्याच्या खर्चापुढे या विहिरींचा खर्च किरकोळ ठरेल.

तोवर नागरिकांनी काय करावं? विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास आला, तवंग दिसला, तर ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला तत्काळ बंद करावं. उकळल्याने प्रश्न सुटत नाही, बेंझिनची वाफ घरातच पसरते. विहिरीत उतरू नये, जवळ काडी ओढू नये, विजेचा पंप चालू करू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि स्थानिक प्रशासनाला लेखी कळवावं, तारीख आणि वेळ लिहावी. आणि तपासणीला पथक आलं की विचारावं: नमुना कुठल्या खोलीचा घेताय? कुपीत बुडबुडा नाही ना? शुद्ध पाण्याची कुपी सोबत आहे का? बेंझिन किती प्रमाणापर्यंत शोधणार? उन्हाळ्यात पुन्हा येणार का?

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पाण्यावर ज्यांचं घर चालतं त्यांनी ते विचारायला सुरुवात केली, की नमुना नीट घेणं भाग पडतं. ‘आढळलं नाही’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवायचा, तर शोध नीट घेतला होता याची खात्री आधी मिळायला हवी. ती मागण्याचा हक्क भिवंडीतल्या प्रत्येक विहिरीच्या मालकाला आणि त्या विहिरीवरून पाणी नेणाऱ्या प्रत्येकाला आहे.